वाळूवरची कुंता

माडवेळे बंदर, जि. रत्नागिरी
५ ऑक्टोबर १९७७

बाई,

तुझी चिठ्ठी पोचली. इथं टपाल होडीतून खाडी ओलांडून येतं. कोपरे भिजले होते, पण सगळं वाचता आलं. जेवते का म्हणून विचारलंस. जेवते. अंगात ताकद आली आहे. रडणंही आता रोजचं राहिलं नाही.

आषाढातल्या त्या दिवसाचं तू काही विचारत नाहीस. मला दुखेल म्हणून विचारत नाहीस, हे कळतं. पण एकदा लिहूनच टाकते, म्हणजे सुटेन. सातव्या महिन्यातच कळा आल्या. बाहेर धो धो पाऊस, रस्ता बंद. शेजारच्या ताराबाई नसत्या तर मीही राहिले नसते. मुलगी झाली. सकाळी आली आणि दिवे लागायच्या आत गेली. मी शुद्धीवर नव्हते. तिला ह्यांनी एकट्यानंच नेलं. आपल्याकडं तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात; इथंही तसंच. परत आल्यावर मला म्हणाले, "वर देवळामागं सुरंगीचं झाड आहे, त्याच्याखाली ठेवली. जागा चांगली आहे." मी आता अधूनमधून त्या झाडाखाली जाऊन बसते. घरचं काहीबाही सांगते तिला. बरं वाटतं.

पाऊस ओसरला आणि वाळूत केकडे निघाले. आमच्या खोल्यांच्या दारापासूनच वाळू सुरू होते ना. आपल्या धानाच्या बांधीतल्यासारखे काळे नाहीत गं. वाळूच्याच रंगाचे, फिक्के, आणि डोळे काड्यांवर बसवल्यासारखे उभे. दिवस कलला की भोकांतून बाहेर येतात. आपण नीट पाहायला जावं तर नुसती वाळू. ताराबाईंना विचारलं, हे खातात का. म्हणाल्या, "नाय गो. त्या वाळवंटात काय काय खातात, आपुन त्यांना कशाला खावं?" आणि माझ्याकडं पाहिलं आणि घागर उचलून गेल्या.

तिन्हीसांजेला वाळूखालून आवाज येतो. पाटीवर पेन्सिल ओढावी तसा. हे त्या वेळी घरी नसतात. मच्छी खात्याचं काम संपलं की सरळ वाळूकडं जातात. मी येते म्हटलं तर म्हणतात, "तू नको येऊ. वारा लागन."

चंदा

*

मोहाडी
१९ ऑक्टोबर १९७७

चंदा माय,

तू मॅट्रिक शिकली, पुस्तकावानी लिहिते. मी तुही मोठी बहीण, पण बोलते तशी लिहिते, हासू नको.

तुही चिठ्ठी वाचून दोन दिवस काही गोड लागलं नाही. झाडापाशी जाते ते बरं करते. पण केकड्यायले भेते काहून वं? लहानपणी कोंढ्याच्या मामाच्या बांधीत धुऱ्यावरच्या भोकात कोपरापर्यंत हात घालणारी तूच होती ना? मी काठावर उभी राहून बोंबलत होती. आईनं त्याचा रस्सा केला तं दोन वाट्या पेली होती. आता समुद्राचा फिक्का केकडा पाहून घाबरून राहिली!

तब्येत कच्ची असली का माणसाले असं वाटते. ह्यायनं सांगतलं, तिकडे नको ठेवू तिले. भंडाऱ्याच्या मच्छी हापिसात ह्यायच्या ओळखीचे एक साहेब आहेत. आपल्या जिल्ह्यात तलावच तलाव, तिथं माणूस लागतेच. जावायाची बदली होते का पाहू म्हणतात.

चौंडेश्वरी मातेचा अंगारा पुडीत घातला आहे. उशाखाली ठेव. धान निसवला आहे, औंदा बरा दिसते.

निर्मला

*

माडवेळे
८ नोव्हेंबर १९७७

बाई,

अंगारा उशाखाली ठेवला आहे. दिवाळी तोंडावर आली पण मी काही केलं नाही. कोणासाठी करू? हे घरात असले तरी घरात नसतात.

मी केकड्यांना भीत नाही. तसं नाही सांगता येत. तू काठावर उभी राहायचीस तेव्हा मला ठाऊक असायचं की भोकात केकडा आहे, चावला तर बोटाला चावेल. इथं भोकात काय आहे तेच ठाऊक नाही असं वाटतं. काल तर दाराच्या पायरीशी एक येऊन उभा राहिला. मी लाटणं घेऊन उठले, तर तिरका तिरका पळाला, आणि पळताना एकदा थांबून वळून पाहिलं. हसू नको.

ह्यांचे हात पाहिले. बोटं फुटली आहेत, नखांत वाळू बसली आहे. विचारलं तर म्हणतात, जाळी तपासतो. कारकुनाला जाळी कोण तपासायला सांगतं? मागच्या अंगणात खात्यानं भिंतीसाठी चिरे आणून ठेवले होते. जांभ्या दगडाचे चिरे. त्यातले फुटके तुकडे हळूहळू नाहीसे होत आहेत. शिपाई मला म्हणाला, साहेबच नेतात, पोत्यात घालून.

आणि एक. विहिरीवर ताराबाई म्हणाल्या, "चंदाबाय, राग नको मानू. तुझा नवरा तिकडं केतकीच्या बनापाशी कोनाशी बोलत असतो गो? मी स्वतः आयकलं. कुंता, कुंता करीत होता. अगदी मायेनं."

इथं कुंता नावाची कोणी बाई नाही. मी विचारून पाहिलं. ह्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

चंदा

*

माडवेळे
२ डिसेंबर १९७७

रा. भय्याजींना भोजराजचा नमस्कार.

माझ्या बदलीसाठी तुम्ही भंडाऱ्याला खटपट करून राहिले, असं तिथल्या एका ओळखीच्याकडून समजलं. तुमचं प्रेम आहे, ते मी जाणतो. पण मेहरबानी करून हे थांबवा. मला इथून येता येणार नाही. कारण विचारू नये. दारू नाही, जुगार नाही, कोणाशी भांडण नाही. चंदाला तब्येतीसाठी मोहाडीला पाठवायचं असलं तर मी खाडीपलीकडच्या एसटीपर्यंत सोडून देतो, तिथून तुम्ही घेऊन जा. ती इथं नसली तर बरंच होईल.

साडू म्हणून एवढं ऐका. हे पत्र बाईंना दाखवू नका.

आपला
भोजराज

*

मोहाडी
१५ डिसेंबर १९७७

चंदा,

जावायानं ह्यायले चिठ्ठी लिहिली. मले दाखवू नका म्हणून लिहिलं होतं. ह्यायनं खिशातच ठेवली अन् सदरा धुवाले टाकला. मग कोण वाचन?

साफ लिहिते. त्याईले बदली नाही पाहिजे, अन् तू तिथं नसली तं बरं होईन म्हणतात. आता मले सांग, याचा अर्थ काय काढावा? कोण आहे हे कुंता? मी तं आता केकड्यायचं अन् आवाजाचं काही आयकून नाही घेत. भूत नाही वं माय, बाई आहे. लेकरू गेलं, तू आजारी, माणूस भटकला. असं होते. आमच्या गल्लीतल्या आनंदरावचं पाहिलं ना?

ह्यायनं बदलीचा अर्ज काही वापस घेतला नाही. उलट भंडाऱ्याले दोन चकरा मारून आले.

तू रडत नको बसू. एक दिवस जा त्याईच्या मागं. लपून जा, पण जा. जे असन ते एकदा डोळ्यानं पाय, मग मी अन् हे दोघंही येतो. तुले एकटीले नाही सोडणार.

बाई

*

माडवेळे
११ जानेवारी १९७८

बाई,

उत्तराला उशीर झाला. बरेच दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

तू म्हटलंस तसं केलं. हे पोतं घेऊन निघाले, मी थोडं अंतर राखून मागं. सूर्य बुडायला टेकला होता. केतकीच्या बनाआड उभी राहिले. भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या वर कोरड्या वाळूचा उंचवटा आहे. तिथं हे गुडघ्यांवर बसले होते. दुसरं कोणी नव्हतं.

समोर चिऱ्यांचे तुकडे मांडलेले होते. आधी वाटलं खाटेएवढी जागा आहे. मग नीट पाहिलं. खाटेएवढी नव्हती, पाळण्याएवढी होती.

हे हातानं वाळू चाचपत होते. एखादं भोक सापडलं की त्यात तुकडा घालायचे आणि दुसऱ्या दगडानं ठोकून बसवायचे. आणि बोलत होते. "थांब हं कुंता. इकडून एक निघालं. हे बुजवतो. झालं. झालं. निज आता."

माझे पाय आपोआप पुढं गेले. त्यांनी मला पाहिलं, पण उठले नाहीत. मी विचारलं, "कुंता कोण?" तोपर्यंत मला कळलं होतं, तरी विचारलं.

"आपली," ते म्हणाले. "नाव नको का तिले?"

"आणि सुरंगीखाली?"

तेव्हा सगळं सांगितलं. सुरंगीपाशी आधी गेले होते. हातभर खोदलं आणि खाली जांभा दगड लागला, पहार पुढं जाईना. वरून पाऊस. "कडेवर तिले घेतलेली. अंगावरचं फडकं ओलं होऊन राहिलं होतं. कोणाले विचारू? कोणाच्या दारात जाऊ असं घेऊन? इथं वाळू मऊ होती. हातानंच खोदली. पावसात हे केकडे दिसत नव्हते चंदा, आईशपथ, एकही नव्हता. मग पाऊस ओसरल्यावर येऊन पाहतो तं भोकंच भोकं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिथं झाडाखाली बसत होती. बोलत होती. तुले बरं वाटून राहिलं होतं."

बाई, मी मूठभर वाळू उचलून त्यांच्या तोंडावर फेकली. पुन्हा फेकली. ते हलले नाहीत, डोळेसुद्धा पुसले नाहीत. इतके महिने मी एका रिकाम्या झाडाशी बोलले. त्याच्या मुळाशी दूध ओतलं. आणि ती इथं, आणि हे रोज इथं, आणि मला वारा लागेल म्हणून घरात!

मग बसले मी पण.

ते म्हणाले, इथली पोरं केकडा धरायला कोरडी पांढरी वाळू भोकात ओततात आणि खोदत जातात. पांढरी रेघ दाखवते भोक कुठं वळलं ते. "मीही एकदा ओतली. म्हटलं पाहू तरी, तिच्याकडं जाते का दुसरीकडं. ओतली, अन् मग खोदायची हिंमत झाली नाही."

आता मीही रोज जाते, पण लांब उभी राहते. दगड लावले तरी बाजूनं नवं भोक निघतंच. सकाळी भोकाबाहेर ताजी, ओली वाळू सांडलेली असते. खालून आणलेली. मी त्या वाळूकडं पाहू शकत नाही. त्यात काय असेल, हाच विचार. घरात पोळ्या लाटताना सुद्धा तोच.

बदलीचा हुकूम आला. मार्चअखेर भंडाऱ्याला हजर व्हायचं. हे म्हणतात, "तू जा. मी नोकरी सोडतो, इथंच काही पाहतो. मी गेल्यावर तिच्यावर कोण लक्ष ठेवन?" आणि ते खरंच राहतील, बाई. त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं आहे. मी त्यांना सोडून यायचं, की तिच्यापाशी दोघांनी म्हातारं व्हायचं, मला कळत नाही.

चंदा

*

मोहाडी
२७ जानेवारी १९७८

माही चंदी,

चिठ्ठी वाचली अन् चुलीपाशीच बसून राहिली. भात करपला. मी जावायाबद्दल काय काय लिहिलं. तोंड दाखवाले जागा नाही मले. त्याईले काही सांगू नको, मीच बोलीन समोरासमोर.

तुले एक सांगते. तुले माहीत आहे का मले पहिला पोरगा झाला होता. सहा दिवसांत गेला. एवढंच तुले माहीत आहे, तू लहान होती. त्याले मोठ्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी सासऱ्यायनं मोह तोडला, धुरा फोडला अन् दोन बांध्यायची एक बांधी केली. नांगर त्याच्यावरून गेला. कोणी मुद्दाम नाही केलं, जमिनीचं काम होतं. मी घरी होती. कोणाले काय म्हणू? मग धानाच्या रोवण्याले सगळ्या बायकायसंगं मीही वाकून त्याच चिखलातून गेली. गाणं चालू होतं, मीही म्हटलं. आता नेमकी जागा कोणती, मलेही सांगता येत नाही. धान तिथंही तसाच होते, ना कमी ना जास्त.

तुले वाटन बाई निब्बर आहे. नाही वं. अजूनही त्या अंगाले गेली का पाय हळू टाकते.

जावायाले ओढून नको आणू. अन् सोडून तं बिलकुल नको येऊ. पण लांब नको उभी राहू. जवळ बस. एकट्या माणसानं किती दगड लावावे? अन् ते भोकातून निघते ना, ते दोघं मिळून डोळ्यानं पाहा. मी तं नांगर चालताना घरात बसली होती. म्हणून मले आजही वाटते, फाळाले काही लागलं असन का. पाहिलं असतं तं एकदाच पाहिलं असतं.

हे म्हणतात, मी येऊन जावायाशी बोलतो. मी नाही म्हटलं. हे तुम्हा दोघायचं आहे.

बाई

*

माडवेळे
२२ मार्च १९७८

बाई,

सामान बांधून झालं आहे. उद्या होडीनं निघू. ही चिठ्ठी पोचायच्या आत आम्हीच भंडारा रोडला उतरू. दोघं येत आहोत.

तुझी चिठ्ठी मी ह्यांना वाचून दाखवली. मोहाच्या झाडाचं आलं तेव्हा उठून बाहेर गेले. परत आले आणि म्हणाले, "बाईनं गाणं म्हटलं?" मी म्हटलं, हो, म्हटलं.

तरी दगड थांबले नव्हते. मी जवळ बसायला लागले. मीही लावले दगड, खोटं कशाला सांगू. माझीही बोटं फुटली. एकदा ताराबाई आल्या आणि बनाच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. त्या दिवसापासून आमच्याकडं संध्याकाळचं कालवण त्याच पाठवतात.

मग काल मी म्हटलं, "आज पोतं नको. आज बुजवायचं नाही. नुसतं पाहू." ते नाही म्हणाले. मी पोत्यावरच बसले. मग तेही बसले, माझा हात घट्ट धरून, दुखेपर्यंत.

दगडांच्या मधोमध एक मोठं भोक होतं. उजेड सोनेरी झाला, मग राखाडी. तो आवाज सुरू झाला. आधी दोन डोळे वर आले, काड्यांसारखे. आमच्याकडं पाहून थांबले. मग तो पूर्ण बाहेर आला, आणि पोटाशी, एका बाजूच्या पायांत काहीतरी कवळून धरलेलं होतं. बाई, माझ्या तोंडातून हुंदकाच निघाला. तरी डोळे मिटले नाहीत. तू म्हटलं होतंस म्हणून मिटले नाहीत.

त्यानं ते लांब फेकलं आणि पुन्हा आत गेला.

हे गुडघ्यांवर सरकत गेले. दोन्ही हातांनी ते उचललं, चोळलं, बोटांतून गाळलं. पुन्हा केकडा वर आला, पुन्हा फेकलं. ह्यांनी पुन्हा उचललं. असं किती वेळ चाललं ठाऊक नाही. दरवेळी माझ्याकडं ओंजळ करायचे आणि मी पाहायची. ओली वाळू. नुसती ओली वाळू, एखादा शिंपल्याचा चुरा. दुसरं काही नाही.

"वाळूच आहे चंदा," ते म्हणाले. "ती नाही आता यात." आणि आषाढापासून पहिल्यांदा रडले. मोठ्यानं. लाटांच्या आवाजातही ऐकू जावं इतकं.

मी तुला खोटं लिहिणार नाही. मला बरं वाटलं नाही. ती खाली होती तोवर भीती होती, पण ती होती तरी. आता वाळवंट केवढं पसरलं आहे, आणि ती त्यात कुठंच नाही, किंवा सगळीकडं आहे. रात्री पडल्यावर तो आवाज आला. भीती नाही वाटली. फक्त झोप लागली नाही.

आज शेवटचं गेलो. दगड काढले नाहीत, नवे लावलेही नाहीत. भोकं उघडी होती. निघताना मी थांबले. कोणाच्या घरून निघताना आपण येते म्हणतो. जाते म्हणू नये, असं आईनं शिकवलं. माझ्या तोंडाशी तेच आलं होतं. ह्यांनी माझ्या दंडाला धरलं.

म्हणाले, "येते नको म्हणू चंदा. वाट पाहत बसन ती."

म्हणून मी जाते म्हटलं.

चंदा